बेलझरी बिनविरोध

हैदराबाद,
१२ ऑगस्ट २०२३

आदरणीय मामा,
सप्रेम जयभीम.

फोनवर तुम्हाला एक प्रश्न विचारला की तुम्ही भाषण सुरू करता आणि ऐन मुद्द्यावर रेंज जाते. म्हणून पत्र. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा डोळे ताणून वाचत बसू नका. मामीला वाचून दाखवायला सांगा.

दर दिवाळीला विचारता ना, पोरी, तू नेमकं काय शिकून राह्यली? तर ऐका. कोरोनाच्या काळात कुठल्या गावानं काय केलं आणि त्या गावातलं राजकारण कसं होतं, याचा मी पीएच.डी.साठी अभ्यास करते. माझं म्हणणं असं की जिथं दोन पक्षांचे दोन पॅनल तोडीस तोड असतात, तिथं कामं लवकर होतात. एकानं शाळेत विलगीकरणाच्या खाटा टाकल्या की दुसरा लसीची गाडी आणतो. दोघांचीही नजर एकमेकांवर. आणि जिथं विरोधकच नाही, तिथं सगळं निवांत. वर्धा जिल्ह्यातल्या बऱ्याच गावांत हे बरोबर बसतं.

फक्त तुमच्या बेलझरीनं माझी पार पंचाईत करून ठेवली आहे. निवडणूक कायम बिनविरोध. गावचे जुने पुढारी मधुकरराव नाव सुचवतात आणि गाव मान डोलावतं, तसे तुम्ही सरपंच झालात. माझ्या हिशेबानं तिथं हाल व्हायला हवे होते. पण आजूबाजूच्या प्रत्येक गावात माणसं गेली आणि बेलझरीत एकही मृत्यू नाही. माझ्या गाईड म्हणतात, एक तर तुझा सिद्धांत चुकला, नाही तर हे गाव काहीतरी लपवतंय. माझ्या मामाचं गाव आहे ते, लपवणारं नाही, असं मी तोंडावर सांगून आले. आता खरं काय ते तुम्हीच लिहा.

तुमची,
मेघा

* * *

बेलझरी, ता. आष्टी
२४ ऑगस्ट २०२३

चि. मेघास,
जयभीम.

तुझं पत्र मिळालं. मी काळा चष्मा लावून घुबडासारखा बसलो होतो, तुझ्या मामीनं वाचून दाखवलं. दोनदा वाचलं तिनं. मी म्हटलं एकदा पुरे, तं म्हणे मले समजू द्या. आज डॉक्टरनं लिहायची परवानगी दिली, म्हणून अक्षर मोठं आहे.

तुझ्या गाईडबाईले माझा निरोप सांगजो. बेलझरी काही लपवत नाई. आमच्या गावात एकही माणूस दगावला नाई अन् त्याचं कारण तेच आहे जे तुम्हाले खटकून राह्यलं. आमच्यात भांडण नाई. दुसरी लाट आली तवा मधुकररावच्या ओसरीवर एक बैठक झाली अन् ठरलं, रस्ता बंद. चिंचोडी अन् तिकडच्या गावायचा आष्टीले जायचा जवळचा रस्ता आपल्याच गावातून जाते. दोन्ही तोंडाले जेसीबीनं आडवी नाली खोदली, गाडी काय, सायकल पार होऊ नये अशी. दोन पॅनलचं गाव असतं तं एकानं खोदली असती अन् दुसऱ्यानं रातोरात बुजवली असती. इथं आडवं बोलणारा कोणीच नव्हता.

आता एक गोष्ट सांगतो, ते तू पुस्तकात लिही. उभी नोकरी मी एस.टी.त कंडक्टर होतो. चेहरा पाहून कधी तिकीट फाडलं नाई. नालीवर पोट्टे पाहऱ्याले बसवले तवा त्यायले सांगून ठेवलतं, कोणी आलं तं मले फोन करा, पण नाव सांगू नका. आतला का बाहेरचा, इतकंच सांगा. नाव कळलं की माणूस वाकते. एकाले सोडलं की दुसऱ्याले काऊन नाई, हे सुरू होते. आतला असला तं ये म्हणायचं. बाहेरचा असला की माझं उत्तर एकच, परत. लोक रडले, शिव्या दिल्या, तरी नियम मोडला नाई. तहसीलदार साहेबानं सत्कार केला तो फोटो समाजमंदिरात लावला आहे, आली की पाह्यजो.

अजून काय लिहू म्हणून मामीले विचारलं. ती म्हणे, तुमचं तुम्ही लिहा. तब्येत नरम आहे वाटते तिची.

तुझा मामा,
नागसेन

* * *

हैदराबाद,
५ सप्टेंबर २०२३

आदरणीय मामा,
जयभीम.

तुमचं पत्र गाईडना वाचून दाखवलं. ‘नाव सांगू नका’ हे ऐकून त्या खुर्चीत सरळ बसल्या. म्हणाल्या, एवढा निःपक्षपाती सरपंच मी कागदावरसुद्धा पाहिला नाही. मला फार अभिमान वाटला, आणि जरा रागही आला, कारण माझा सिद्धांत तुम्ही भुईसपाट केलात.

तरी एक प्रश्न राहतो. ज्यांना तुम्ही परत पाठवलं ते पुढं कुठं गेले? आणि दुसरं. दोन पॅनलच्या गावात निवडणूक आली की सभा होते, आणि समोरचा पॅनल भर चौकात विचारतो, त्या वेळी असं का केलं, तसं का केलं नाही. उत्तर द्यावंच लागतं. बेलझरीत मला आठवतं तसं एकही प्रचारसभा झालेली नाही. मग तुम्हाला कुणी कधी काही विचारलं का?

मामीच्या तब्येतीला काय झालंय? तिला डॉक्टरकडे न्या. ती स्वतःहून जाणार नाही.

तुमची,
मेघा

* * *

बेलझरी,
२१ ऑक्टोबर २०२३

चि. मेघास,
जयभीम.

उत्तराले उशीर झाला. निवडणूक लागली आहे, पाच नोव्हेंबरले मतदान, सगळी धावपळ माझ्याच अंगावर. मतदान म्हणजे आपल्या गावाले नाई, बाकीच्यायले. आपलं बिनविरोधच. मधुकररावनं परत माझंच नाव पुढं केलं. सदस्यायचे फॉर्म मोजून तितकेच भरले.

तुझा प्रश्न तुझ्या मामीनं वाचून दाखवला. कोणी कधी काही विचारलं का? मी हसलो. गाव माझ्यावर खूश आहे, विचारन कोण? मामी नाई हसली. तिले तुझी भाषा जड जात असन.

सरपंचाचे फॉर्म दोन भरले, एक माझा अन् एक तुझ्या मामीचा, मीराबाईचा. घाबरू नको, तिचा डमी आहे. छाननीत माझ्या फॉर्मात काही खोट निघाली अन् तो उडाला तं घरातलाच दुसरा तयार असावा, म्हणून सगळेच बायकोचा डमी भरतात. दर वेळी ती भरते अन् दर वेळी मागं घेते. पंचवीस तारखेले दुपारी तीनच्या आत आष्टीच्या तहसीलीत तिची सही झाली की मी सरपंच. पेढे सांगून ठेवले आहेत. तुझ्या आईच्या हातानं तुमच्या घरी नालवाडीले डबा पाठवतो, दिवाळीले आली की खाजो.

तब्येतीले काही नाई झालं तिच्या. गप्प राह्यते, इतकंच.

तुझा मामा,
नागसेन

* * *

बेलझरी,
२६ ऑक्टोबर २०२३

मेघा,

काय लिहू बापा.

तुझ्या मामीनं फॉर्म मागं घेतला नाई.

काल सकाळी मी म्हटलं, चल, गाडी काढतो. ती म्हणे, प्रफुल येऊन राह्यला, त्याच्यासंग जाते. तिचा भाऊ आहे, चिंचोडीहून आष्टीले रोज जाते, म्हटलं ठीक आहे. मी मधुकररावसंग मागून गेलो. पाहतो तं ती तहसीलीच्या बाकड्यावर बसली आहे, पिशवी मांडीवर घेऊन, भाऊ बाजूले. म्हटलं, झाली सही? ती म्हणे, नाई. म्हटलं, मंग चल, वेळ होऊन राह्यली. ती उठलीच नाई. मले वाटलं चक्कर आली. पाणी आणलं, ते पेली. मधुकररावनं हात जोडले. बाबूनं तीन वाजले म्हणून दार लावलं अन् ती तवाच उठली. मंग चिन्हं वाटली. मले कपबशी, तिले शिट्टी.

मेघा, बेलझरीत निवडणूक आहे. माझ्याविरुद्ध माझी बायको उभी आहे. पेढे तसेच पडले आहेत, कोणी हात लावून नाई राह्यलं.

मधुकरराव मले भर रस्त्यात म्हणाले, नागसेन, घरातली एक बाई आवरत नाई तुले? घरी आलो तं तिनं रोजच्यासारखी भाकर टाकली, वांग्याची भाजी वाढली. मी विचारलं, काऊन? कोणती गोष्ट कमी केली मी तुले? ती म्हणे, सभेत सांगीन. म्हटलं, आपल्या गावात सभा कुठं होते? ती म्हणे, आता होईन.

हे सगळं तुझ्या पत्रायनं झालं. माणसाले विरोधक पाहिजे, सभा पाहिजे, हे तिच्या डोक्यात तूच भरवलं. मामाच्या संसारावर अभ्यास करून राह्यली काय तू? तूच तिले समजव. माझं ऐकून नाई राह्यली.

नागसेन

* * *

हैदराबाद,
२९ ऑक्टोबर २०२३

आदरणीय मामा,

तुमचं पत्र वसतिगृहाच्या पायरीवरच वाचलं. शपथेवर सांगते, मामीला मी एक अक्षर शिकवलेलं नाही. पत्रं तुम्हाला लिहिली होती. ती वाचून दाखवता दाखवता तिच्या मनात काय चाललं होतं, हे ना तुम्हाला कळलं ना मला.

काल तिला फोन केला. एवढंच म्हणाली, तुह्या मामाले सांग, मी रागाच्या भरात नाई करून राह्यली. आणि ठेवून दिला.

मग मी एक गोष्ट केली, जी आधीच करायला हवी होती. बेलझरीचे आकडे बाजूला ठेवले आणि शेजारच्या गावांचे उघडले. तुमची नाली होती त्या आठवड्यांमध्ये पलीकडच्या गावांत मृत्यू एकदम वाढलेले दिसतात. मी ते त्या त्या गावाच्या नावावर टाकून मोकळी झाले होते. त्यात चिंचोडीच्या कमलाबाई आहेत. मामीची आई.

मामा, आजीचा दम वाढला आणि दवाखान्यात नेताना वाटेत गेल्या, एवढंच आम्हाला माहीत आहे. प्रफुलमामा त्यांना कुठल्या वाटेनं घेऊन निघाले होते? तुम्हाला माहीत असेल तर मला लिहा. माहीत नसेल तर सभेआधी मामीला विचारा. घरी विचारा. हात जोडून सांगते.

मेघा

* * *

बेलझरी,
२ नोव्हेंबर २०२३

मेघा,

तुझं पत्र काल सकाळी आलं. डोळे बरे झाले, आता मीच वाचतो. वाचलं अन् घडी करून खिशात ठेवलं. असं कसं होईन, म्हटलं. प्रफुल बोलला असता की. मीराले विचारायचं होतं, पण ती धुणं धूत होती अन् मले धीर नाई झाला. संध्याकाळी सभा होती.

समाजमंदिरासमोर झाली. सगळं गाव आलं, टोल्यावरचे, म्हणजे गावाबाहेरच्या वस्तीतले, गोंड लोकही आले, तमाशा पाहाले आल्यावाणी. मी आधी बोललो. एकही माणूस दगावला नाई, हेच बोललो. टाळ्या पडल्या.

मंग ती उभी राह्यली. माईक कसा धरते तेही माहीत नव्हतं तिले. म्हणाली, माह्या मायचा दम वाढला होता. भाऊ गाडीवर पाठीशी बांधून घेऊन आला, आष्टीच्या दवाखान्यात न्यायले. नालीपाशी पोट्ट्यायनं अडवलं. त्यायनं सरपंचाले फोन लावला. भाऊ ऐकून राह्यला होता. सरपंच म्हणाले, परत. तो तिले लांबच्या वाटेनं घेऊन गेला अन् अर्ध्या वाटेत, पळसाच्या झाडाखाली, माय त्याच्या हातात गेली. मंग माझ्याकडं पाहून तिनं विचारलं, सरपंच साहेब, तुमच्या घरातल्या बाईची माय होती. परत काऊन पाठवली?

मेघा, माझ्या तोंडातून निघालं, मले माहीत नव्हतं.

ती म्हणे, काय?

मी म्हटलं, ती होती हे मले माहीत नव्हतं. आईच्यान सांगतो. नाव सांगायचं नाई असं ठरलं होतं.

पाहऱ्यावरचा रोशन तिथंच उभा होता. तिनं त्याच्याकडं पाह्यलं. तो खाली मान घालून म्हणाला, हाव काकू. नाव सांगायचंच नव्हतं. सरपंचाचा साळा आहे म्हणत होता तुमचा भाऊ, पण सगळेच तसे म्हणत होते. आम्ही फक्त बाहेरचा म्हणून सांगतलं.

तिच्या हातातला माईक खाली आला. ती पायरीवर बसली. मले वाटलं ती पडते, म्हणून मी धावलो, तं तिनं हात दाखवून थांबवलं.

अन् मंग सुलोचनाबाई उठली. मधुकररावची सून, जिचा आवाज आम्ही कधी अंगणाबाहेर ऐकला नाई. म्हणाली, माझे बाबा दुसऱ्या दिवशी आले होते. त्यायलेही परत पाठवलं. ते गेले. मधुकरराव तिच्या पुढच्याच खुर्चीवर बसले होते. त्यायनं मागं वळून पाह्यलं, जसं काही कोणी अनोळखी बाई बोलून राह्यली. टोल्यावरची भागाबाई उठली, तिची बहीण तशीच गेली होती. मंग अजून एक, मंग अजून. ह्या सगळ्या बायका माझ्या गावातल्या, रोज जयभीम, रामराम घालणाऱ्या. गावातली हरेक सून नालीच्या पलीकडूनच आलेली, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नाई. सगळ्यायचं माहेर बाहेरचं.

रात्री ती माहेरी गेली नाई. घरातच आहे.

नागसेन

* * *

बेलझरी,
४ नोव्हेंबर २०२३

लाडकी मेघा,
जयभीम.

तुह्या मामानं तुले लिहिलं असनच. माह्या हातचं पत्र तुले पहिलंच. चुका काढू नको.

तुले वाटत असन मामीनं हे घरात काऊन नाई विचारलं. घरात विचारलं असतं तं ते घरातच राह्यलं असतं. ते रडले असते, मी चहा ठेवला असता, झालं. पण रस्ता घरानं बंद नाई केला. गावानं केला अन् गावानं टाळ्या वाजवल्या. मले गावातच विचारायचं होतं अन् गावात विचारायची जागाच नव्हती. मत मागाले कोणी दारात आलंच नाई कधी. तुह्या पत्रात ते वाचलं तवा मले वाटलं, ह्या पोरीनं माह्या मनातलं कसं लिहिलं. मंग डमी फॉर्मावर सही करताना ठरवलं. तुह्यावर बोल आला, त्याचं मले वाईट वाटते.

पण मेघा, सभेत त्यायच्या तोंडून जे ऐकू आलं ते मी धरून नव्हती चालली. मले पक्कं वाटत होतं त्यायले माहीत आहे. नालीवरून फोन गेला, प्रफुलनं आवाज ऐकला. अडीच वर्षं मी त्या माणसाले वाढून राह्यली अन् मनात म्हणून राह्यली, तुले माहीत आहे. त्याचे डोळे बांधले होते तवा त्याच्या डोळ्यात औषध टाकलं, तवाही हेच. अन् त्याले माहीतच नव्हतं.

हे ऐकून मले बरं वाटायले पाहिजे होतं. नाई वाटलं. मायले कोणी वैरानं परत पाठवलं असतं तं मी त्या वैऱ्याले शिव्या दिल्या असत्या. तिले कोणीच नाई पाठवलं. ती कोण हे विचारलंच नाई कोणी. आता मी कोणावर रागवू, सांग.

उद्या मतदान आहे. हरलं तरी चालते मले. विचारायचं ते विचारून झालं.

तुझी मामी,
मीरा

* * *

हैदराबाद,
९ नोव्हेंबर २०२३

आदरणीय मामा,

आईनं फोनवर सांगितलं, मामी निवडून आली. मी दोनदा विचारलं, कोण? आई म्हणाली, शिट्टी. बायकांच्या रांगा दुपारपर्यंत हटल्या नाहीत म्हणे.

माझ्या गाईड आणि मी काल टेबलावर तो तक्ता पसरून बसलो होतो. बायका जिथं राहतात तिथं मी मतदार म्हणून मोजल्या होत्या. त्यांची माणसं जिथं मेली तिथं मृत म्हणून मोजली होती. दोन्ही आकडे बरोबर होते. त्यांचं एकमेकांशी काही नातं असेल हे तीन वर्षांत मला सुचलं नाही, आणि माझं स्वतःचं आजोळ तिथं आहे. मला स्वतःचीच चीड आली आहे.

पण आत्ता मला त्याचं काही नाही. मामीचं पत्र आलंय. तुम्ही मात्र गप्प आहात. फोन उचलत नाही. आई म्हणते, तुम्ही दिवसभर समाजमंदिराच्या ओट्यावर बसून असता. मामा, लिहा. दोन ओळी लिहा.

मेघा

* * *

बेलझरी,
१२ डिसेंबर २०२३

चि. मेघास,
जयभीम.

लिहायले बसलो की कागद तसाच राह्यते. आज लिहितो.

निकालाच्या दिवशी पोट्टे गुलाल घेऊन आले. तिनं लावू दिला नाई. म्हणाली, कशाचा गुलाल? अन् दार लावून घेतलं. सत्काराचा फोटो मी स्वतः काढून आणला. कोणी सांगतलं नव्हतं.

बरेच दिवस आम्ही दोघं एका घरात मुक्यासारखे राह्यलो. मंग एका दिवशी जेवताना ती एकदम म्हणाली, एक सांगा. पोट्ट्यायनं नाव सांगतलं असतं तं? कमलाबाई आहे म्हटलं असतं तं?

मी घास खाली ठेवला. खोटं बोलाले जीभ वळली नाई. म्हटलं, रस्ता उघडला असता. फावडं घेऊन मीच धावलो असतो नाली बुजवाले. तुझी माय म्हणजे माझी माय. तिनं मले जावई म्हणून कधी वागवलं नाई, लेकासारखं जेवू घातलं.

इतक्या दिवसांनी मी मोकळा बोललो. मले वाटलं, तिले आता बरं वाटन. तिच्या डोळ्यातून पाणी आलंही. मंग पदरानं तोंड पुसून म्हणाली, हेच ग्रामसभेत सांगा.

काल तिची पहिली ग्रामसभा होती. ती सरपंचाच्या खुर्चीवर, मी लोकायमंदी सतरंजीवर. सडकेचा विषय झाला, नळाचा झाला. मंग तिनं माझ्याकडं पाह्यलं. मी उभा राह्यलो अन् सांगतलं. म्हटलं, गावकरी हो, मले नाव माहीत नव्हतं. माहीत असतं तं मी माझ्या सासूले परत पाठवलं नसतं, रस्ता उघडला असता, हे मी सगळ्यायसमोर कबूल करतो. मागून कोणीतरी म्हणालं, बसा काका. मले वाटलं, संपलं. मी बसत होतो.

सुलोचनाबाई उठली. हळूच बोलली, सभेतल्यासारखी नाई. म्हणाली, नागसेनकाका, माझ्या बापाचं नाव गुलाबराव होतं. ते नाव सांगतलं असतं तं?

मी उभाच राह्यलो. मधुकरराव खाली सतरंजीकडं पाहून राह्यले होते. भागाबाई, बाकीच्या बाया, सगळ्या माझ्याकडं पाहून राह्यल्या होत्या, अन् मले दिसत होतं की प्रत्येकीजवळ एक नाव आहे. मी तुझ्या मामीकडं पाह्यलं. वाटलं, ती पुढचा विषय घेईन. तिनं नाई घेतला. म्हणाली, नागसेनराव, सभा थांबली आहे.

मी म्हटलं, नाई. नसता उघडला.

ग्रामसेवकानं पेन उचलून विचारलं, ताई, हे लिहू काय?

तुझी मामी म्हणाली, लिहा.

तुझा मामा,
नागसेन